संकल्पातील गाव

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. घरोघरी चौरंग मांडले गेले असतील, निरांजने उजळली असतील, यजमान आचमन करून हाती अक्षता व उदक घेऊन बसले असतील आणि गुरुजी संकल्प सांगत असतील. पूजेचा हा भाग बहुधा आपल्या कानांवरून वाहून जातो. आरतीला सारे घर उभे राहते, नैवेद्याकडे मुलांचे डोळे लागलेले असतात. संकल्पाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नसते. वस्तुतः संकल्प म्हणजे यजमानाने देवापुढे सांगितलेला आपला पत्ता होय. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आरंभ करून कल्प, मन्वंतर, युग, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी अशी काळाची उतरण. द्वीप, वर्ष, खंड, देश, नदी आणि तीर अशी स्थळाची उतरण. आणि अगदी शेवटी गोत्र व नाव. एवढ्या अफाट विश्वात, हे गणराया, आम्ही नेमके येथे बसलो आहोत, असे सांगितल्यावाचून पूजेला आरंभच होत नाही.

या पत्त्याविषयी आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगावी आणि तिने आम्हाला काय शिकविले तेही सांगावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्या कीर्तनाला पुष्कळ वर्षे पेटीची साथ करणाऱ्या सद्गृहस्थांची कन्या २०२३ च्या उन्हाळ्यात पती आणि सहा वर्षांची मुलगी यांच्यासह अमेरिकेतील पिट्सबर्ग नगराजवळ राहावयास गेली. वाईच्या गणपती आळीत वाढलेली ही मुलगी. कृष्णेचा घाट हेच तिचे अंगण. नव्या वसाहतीत रस्ता रुंद, घरे सुटी सुटी, प्रत्येक घरापुढे हिरवळ आणि दारे मात्र बंद. पहिल्या गणपतीच्या आधी तिचा दूरध्वनी आला. "काका, संकल्पात आता काय म्हणायचं? इथे ना दंडकारण्य, ना कृष्णा. आणि पूजा कोणत्या वेळेला करायची?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "अगं, जे तुझे वडील म्हणतात तेच म्हण. आपले गाव ते आपले गाव. आणि वेळही येथलीच धर, म्हणजे दोन्ही घरची पूजा एकाच वेळी होईल."

तिने आमचा शब्द प्रमाण मानला. १९ सप्टेंबरच्या मध्याह्नी वाईत तिच्या माहेरी प्रतिष्ठापना झाली तेव्हा पिट्सबर्गला रात्रीचे अडीच वाजले होते. झोपेतून उठविलेली लहानगी डोळे चोळीत बसली होती. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाईची पूजा दिसत होती आणि येथले गुरुजी सांगतील तसे तेथे जावई बोलत होते. संकल्पात कृष्णेचा तीर आला. मग झांजा वाजल्या, घंटा वाजली, आणि कापूर पेटविताच छताला लावलेले धुराची सूचना देणारे यंत्र कर्कश ओरडू लागले. शेजारच्या घरातला दिवा लागला.

सकाळी दाराला एक चिठ्ठी अडकविलेली होती. रात्री दिवे दिसले व आवाज ऐकू आला, सर्व क्षेम आहे ना, काही साह्य हवे असल्यास सांगावे, असा तीतील मजकूर होता. लिहिणारा शेजारचा एकटा राहणारा वृद्ध. परंतु या दोघांनी तो मजकूर काळजीचा न समजता तक्रारीचा समजला. त्यांनी चिठ्ठीला उत्तर दिले नाही. त्या सायंकाळपासून आरतीच्या वेळी खिडक्यांचे पडदे ओढले जाऊ लागले, आरती पुटपुटत होऊ लागली, आणि त्या लहान मुलीने आपल्या घरी गणपती असतात हे शाळेत कोणालाही सांगावयाचे नाही, असे आपले आपणच ठरवून टाकले. घरात वाई आणि दाराबाहेर परमुलूख, अशा दोन जगांत ते कुटुंब राहू लागले. खरे पाहता ते कोठेच राहत नव्हते.

पुढे हिवाळा आला. जावई कामानिमित्त परगावी, मुलगी तापाने फणफणलेली, आणि रात्रीतून गुडघाभर बर्फ पडलेला. आपल्या घरासमोरच्या पायवाटेवरील बर्फ ज्याने त्याने काढावयाचा, असा तेथला रिवाज आहे. पहाटे फावड्याचा आवाज ऐकून तिने पडदा सारून पाहिले, तर तोच वृद्ध शेजारी यांच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करीत होता. दार उघडून ती आभार मानू लागली आणि तिच्या ध्यानात आले की, आपल्याला या माणसाचे नावही ठाऊक नाही. हे सांगताना तिचा आवाज दाटून आला होता. "काका, सहा महिने झाले आम्हाला इथे येऊन. आणि मी देवाला रोज सांगतेय की मी कृष्णाकाठी आहे."

या वाक्याने आम्हाला खिळविले. सत्याचा आग्रह धरणाऱ्या शास्त्राचा आधार घेऊन आम्ही त्या मुलीच्या तोंडून देवापुढे असत्य वदविले होते. पत्ता सांगण्याच्या जागी ती नसलेला पत्ता सांगत होती. आम्ही पुन्हा पोथ्या काढून बसलो.

आधी काळाचा विचार. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील बारा अंशांचे अंतर. ते पूर्ण होण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीला एकच असतो; परंतु सूर्योदय आणि मध्याह्न ज्या त्या गावचे निराळे असतात. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला 'धर्मसिंधु' आजही आपल्या घरांतून निर्णयासाठी उघडला जातो. या चतुर्थीसाठी मध्याह्नी असलेली तिथी घ्यावी, असाच त्याचाही निर्णय आहे. हा मध्याह्न पूजकाच्या डोक्यावरील सूर्याचा, दुसऱ्याच्या गावचा नव्हे. गणित करून पाहिले तेव्हा आम्ही वरमलो. २०२३ साली आपल्याकडे चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. पिट्सबर्गच्या मध्याह्नी ती १८ सप्टेंबरलाच होती. आमच्या सल्ल्यामुळे त्या घराचा खरा मुहूर्त आदल्या दिवशीच निघून गेला होता आणि त्यांनी पूजा केली ती अपरात्री.

आता स्थळाचा विचार. अमेरिकेतील काही मंदिरांतून संकल्पात जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात. पुराणांनी सांगितलेली सात द्वीपे आजच्या नकाशावर बसविण्याचा हा प्रयत्न श्रद्धेचा आहे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु पुराणांचा भूगोल आणि शाळेतला भूगोल यांचा तंतोतंत मेळ घालण्याच्या भरीस न पडताही संकल्प खरा करता येतो. नगराचे आणि नदीचे नाव स्वच्छ घ्यावे. 'पिट्सबर्गनाम्नि नगरे, ओहायो-नद्याः समीपे' असे म्हटल्याने संस्कृत भाषेचा काही भंग होत नाही. ती भाषा नव्या नावांना विभक्ती लावून आपल्या पंक्तीला घेण्यास सदैव सिद्ध असते.

आणि ते नगर तरी कसे? अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांचा तेथे संगम होतो व त्यातून ओहायो नदी जन्म घेते. जमिनीखालून वाहणारा एक चौथा जलप्रवाहही तेथे आहे. संगमावरच्या उद्यानातील उंच कारंज्याला त्याचेच पाणी मिळते. प्रयागची गुप्त सरस्वती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे स्थान परके वाटण्याचे कारण नाही. ओहायो हे नावही त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी सेनेका लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ उत्तम नदी असा सांगतात.

येथे कोणी म्हणेल, पण आपल्या पवित्र नद्यांचे काय? त्याचे उत्तर आपल्या नित्याच्या पूजेतच आहे. कलशातील पाण्यात आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना आवाहन करतो. या यादीत आमची कृष्णा नाही! तरीही पिढ्यान्‌पिढ्या वाईकरांनी कलश भरला तो कृष्णेच्याच पाण्याने, आणि त्यात इतर सात जणींना प्रेमाने बोलावून घेतले. म्हणजे पाणी नेहमी राहत्या गावचे असते आणि आवाहन स्मरणातील नद्यांचे असते. पिट्सबर्गच्या नळाला अ‍ॅलेघेनीचे पाणी येते. त्या पाण्याने भरलेल्या कलशात गंगा येण्यास कचरेल, असे ज्याला वाटते त्याने गंगेला ओळखलेलेच नाही. स्मरणात कृष्णा असावी; पत्त्यात ओहायो असावी. दोहोंची अदलाबदल केली की मग पडदे ओढावे लागतात.

मूर्तीचेही तसेच. ही पूजा पार्थिव गणेशाची, म्हणजे मातीच्या गणेशाची. माती अमुकच देशाची हवी, असा आग्रह तिच्या मुळाशी नाही. जेथे आपण राहतो तेथली माती घ्यावी, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करावी आणि पूजेअंती ती मातीत परत द्यावी, असा तिचा सरळ भाव आहे. दूर्वा न मिळाल्यास काय करावे, हाही एक नेहमीचा प्रश्न. आपली दूर्वा अमेरिकेतील उष्ण भागांत 'बर्म्युडा ग्रास' या नावाने हिरवळीसाठी मुद्दाम लावतात. थंड प्रदेशात ती सहजी मिळत नाही. जे उपचार उपलब्ध नाहीत त्यांच्या जागी अक्षता वाहाव्यात, ही सोय पूर्वजांनीच करून ठेवली आहे. आम्ही म्हणतो, शास्त्र जेवढे सैल आहे तेवढे आपण नाही.

सागरापलीकडे गेलेल्यांना एके काळी आपल्या समाजाने फार छळले. समुद्रप्रवास कलियुगात वर्ज्य असे निबंधकार लिहीत आले आणि त्याचा बडगा करून आपण घरची माणसे बाहेर काढली. त्याही काळात, १८८३ साली, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या. ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आमची ही मुलगी राहते, त्याच राज्यातील फिलाडेल्फिया येथून त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांना आधार दिला तो एका मासिकात त्यांच्याविषयी वाचून. दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता त्या बाईंच्या हाती ते मासिक पडले होते! आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले, त्यांच्या घरी त्या राहिल्या, आणि तरीही आपला आहार व आपला धर्म त्यांनी सोडला नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे अकाली निधन झाले. पुढे त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यात आली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. परक्या कुटुंबाने आपल्या पितरांच्या शेजारी आपल्या लेकीला विसावा द्यावा, याहून मोठा शेजारधर्म आम्ही तरी ऐकलेला नाही.

त्यानंतर काळ पालटला. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आपल्या लोकांना उघडली. १९७६ साली पिट्सबर्गजवळच श्रीव्यंकटेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि १९७७ साली न्यू यॉर्कच्या फ्लशिंग भागात गणपतीची प्रतिष्ठापना झाली. देव तेथे केव्हाच राहावयास गेले आहेत. मागे राहिले आहे ते आपले मन.

२०२४ साली आम्ही आमचा शब्द मागे घेतला व तिला नव्याने सांगितले. त्या वर्षी वाईत चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. पिट्सबर्गच्या मध्याह्नाप्रमाणे ती ६ तारखेस येत होती. ६ तारखेला दोन प्रहरी त्या घरी पूजा झाली. मूर्तीची माती तेथल्याच दुकानातून आणलेली. मायलेकींनी मिळून गणपती घडविला. सोंड किंचित वाकडी झाली, ती तशीच राहू दिली. संकल्पात ओहायो आली. धूर बेताचा ठेवला, पडदे उघडे ठेवले, आणि आदल्या दिवशी शेजारी जाऊन वृद्ध गृहस्थांना दर्शनाचे व प्रसादाचे आमंत्रण दिले.

ते आले. हातात आपल्या झाडाची सफरचंदे होती. दाराशी इतरांची पादत्राणे पाहून त्यांनी आपण होऊन बूट काढले. मोदक कसा खावा, हे सहा वर्षांचीची सात वर्षांची झालेल्या मुलीने त्यांना दाखविले. बोलता बोलता ते म्हणाले, आपले आजोबा पोलंडातून येथे पोलादाच्या कारखान्यात कामाला आले. नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे जेवणाच्या मेजावर एक ताट जास्तीचे मांडण्याची चाल आहे. ते ताट न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी असते. पत्नी गेल्यापासून एकट्यापुरते का होईना, पण ते दुसरे ताट आपण अजून मांडतो.

हे आम्हाला कळले तेव्हा आम्ही काही काळ बोलू शकलो नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथी बसविला आहे. गृहस्थाला सांगितलेल्या पाच महायज्ञांत मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीची सेवाच. या विषयावर आम्ही चाळीस वर्षे पूर्वरंग रंगविला आणि तिकडे एक म्हातारा एकही शब्द न बोलता दरवर्षी ताट मांडीत होता. ज्याच्या भीतीने पडदे ओढले, तो हा माणूस!

नव्या मुलखात गेलेला माणूस प्रथम अतिथी असतो. कोणी वाट दाखवावी, कोणी बर्फ काढावा, ही त्याची अवस्था. परंतु त्याने चूल मांडली, देव मांडले, की तो यजमान होतो आणि मग दार उघडण्याचे कर्तव्य त्याच्याकडे येते. घराची खरेदी झाली, कागदपत्रे मिळाली, म्हणून कोणी त्या गावचा होत नाही. ज्या दिवशी तेथील माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत येऊन प्रसाद घेतो, त्या दिवशी आपण तेथले होतो.

आमच्या स्नेह्यांपैकी काहींना हे रुचले नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजते ते आपल्याला ठाऊक नाही, त्यांना देवापाशी कसे आणावे, असा त्यांचा सवाल. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही सरळ देतो. आपला आचार आपल्या ताटात सांभाळावयाचा असतो, दुसऱ्याच्या ताटात डोकावून नव्हे. आनंदीबाईंनी परक्या घरात राहून तो सांभाळला. आपल्याला आपल्याच घरात बसून सांभाळता येऊ नये काय? दुसरा आक्षेप असा की, अशाने मुले तेथलीच होतील. मुले तेथली होणारच. प्रश्न एवढाच की, ती होताना देव बरोबर नेतील की पडद्याआड ठेवून जातील. गेल्या वर्षी त्या मुलीने आपल्या वर्गात वाकड्या सोंडेच्या गणपतीचे चित्र काढून दाखविले. आम्हाला यात उत्तर मिळाले.

परंतु एवढ्यावर लेखणी थांबविली तर ती अर्धी गोष्ट होईल. पिट्सबर्गच्या गोष्टीने डोळे पाणावलेले आम्ही त्या सायंकाळी घाटावरून परतत होतो. आमच्याच आळीच्या टोकाला तीन वर्षांपूर्वी ओडिशातून आलेले एक कुटुंब राहते. घरधनी इमारतींची फरशी बसविण्याचे काम करतात. तीन वर्षांत आम्ही त्यांना नाव विचारले नव्हते. आमच्या आळीला त्यांनी चिठ्ठी लिहावी, असेही कधी आम्ही वागलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मोदकांचे ताट घेऊन आमची मंडळी आणि आम्ही त्यांच्या दाराशी गेलो.

ते संबळपूरकडचे. गणेशचतुर्थी तर त्यांच्याकडेही असते. पण तिच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, त्यांचा सर्वांत मोठा सण असतो. त्याला ते नुआखाई म्हणतात. नव्या हंगामाचा तांदूळ आधी देवीला अर्पण करावयाचा, मग घरच्या वडिलांच्या हातून सर्वांनी घ्यावयाचा व धाकट्यांनी थोरांच्या पाया पडावयाचे. आमच्याकडे त्याच तिथीला ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे धान्य आम्ही वर्ज्य करतो. एकच तिथी, एका घरी नव्या धान्याचा सन्मान, दुसऱ्या घरी बैलाच्या श्रमांचा. तीन वर्षे आमच्या आळीत हा सण बंद दारामागे होत होता आणि आम्ही धर्मशास्त्र शिकवीत होतो!

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी यंदा दूरध्वनीवर 'परत केव्हा येणार' हे विचारण्याआधी 'तुमच्या शेजारी कोण राहते' हे विचारावे, आणि संकल्पात तेथल्या नदीचे नाव घेण्यास सांगावे. आणि ज्यांच्या गल्लीत, वाड्यात किंवा सोसायटीत कोणी दुरून येऊन राहिले असेल, त्यांनी पहिल्या आरतीचे ताट तिकडे न्यावे. परमुलखात आपल्या लेकरांना जे मिळावे असे आपल्याला वाटते, ते आपण आपल्या दारी आलेल्या लेकरांना आधी द्यावे.

वाईच्या घाटावर १७६२ साली रास्त्यांनी बांधलेले महागणपतीचे देऊळ आहे. लोक प्रेमाने त्याला ढोल्या गणपती म्हणतात. त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, कारण पावसाळ्यात कृष्णेचा लोंढा तिच्यावर येऊन आदळतो. तो लोंढा दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. देऊळ पाण्याला वाट देते. मूर्ती मात्र आपल्या जागी स्वस्थ बसलेली असते. काळाच्या लोंढ्यात घर सोडून गेलेल्यांनी आणि घरी राहिलेल्यांनी आज त्या मूर्तीकडे पाहावे. वाट द्यावी, जागा सोडू नये. आणि संकल्पाचे उदक सोडताना आपण बसलो आहोत त्याच गावाचे नाव निःशंकपणे उच्चारावे. विघ्नहर्ता तेथे नक्की पोहोचेल.